मेट्रो, बस आणि सरकारी तिजोरी: सार्वजनिक वाहतुकीच्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान भारतातील शहरी वाहतुकीपुरते आहे. रकमा बहुतेक ठिकाणी सरकारी मंजुरीतल्या आहेत, म्हणजे ज्या त्या वर्षाच्या किमतीतल्या. त्यामुळे दोन प्रकल्पांचे आकडे शेजारी ठेवताना जरा जपून. खर्च वाढलेला दिसतो तो बोगद्यात किंवा खांबांवर, पण त्याचा मोठा भाग पहिली कुदळ पडण्याआधीच कागदावर ठरून गेलेला असतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा भेटेल.

‘राष्ट्रीय वाहतूक धोरण’ नावाचा एकच कागद आहे का?

नाही. शहरांसाठी २००६ चे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आहे. रस्त्यावरून माणसे किती जातात ते बघा, गाड्या किती जातात ते नको, असे त्याचे मुख्य सूत्र. मेट्रोसाठी ऑगस्ट २०१७ चे वेगळे मेट्रो रेल्वे धोरण आहे आणि त्याच वर्षी स्थानकांभोवतीच्या विकासासाठी आणखी एक धोरण आले. कायदेही दोन आहेत: बांधकामासाठी १९७८ चा, चालवण्यासाठी २००२ चा.

कारभार त्याहून विखुरलेला आहे. मेट्रोचे नियोजन केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे, मुंबईची लोकल रेल्वे मंत्रालयाकडे, बस महापालिकेकडे किंवा राज्य परिवहनाकडे, आणि मेट्रोच्या सुरक्षिततेचा दाखला देणारे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत. कोलकात्याची मेट्रो १९८४ साली सुरू झालेली, देशातली पहिली. ती आजही रेल्वेच चालवते.

आमच्या शहराला मेट्रो मिळणार की नाही हे कोण ठरवते?

प्रस्ताव राज्याचा असतो, पैसे हवे असतील तर शिक्का केंद्राचा. क्रम साधारण असा:

१. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा. लोक कुठून कुठे, कशाने, किती वाजता जातात याची घरोघर पाहणी आणि रस्त्यावरची मोजणी.
२. पर्यायांचे विश्लेषण. त्याच मार्गावर बस, जलद बस मार्गिका, ट्राम, हलकी मेट्रो की पूर्ण मेट्रो, याची तुलना. २०१७ पासून हे बंधनकारक आहे.
३. विस्तृत प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर.
४. राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी.
५. केंद्रात निरनिराळ्या मंत्रालयांचे अभिप्राय, मग सार्वजनिक गुंतवणूक मंडळ, शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ.

खरी गोम दुसऱ्या पायरीत आहे. तिथे प्रामाणिक तुलना झाली तर पुढचे हजारो कोटी वाचू शकतात. पण अनेकदा ‘मेट्रो हवी’ ही घोषणा आधी होते आणि विश्लेषण नंतर लिहिले जाते. सल्लागाराला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर बसची क्षमता कमी आणि मेट्रोचे प्रवासी जास्त दाखवणे अवघड नसते.

आणखी एक कसोटी आहे. प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे वाचलेला वेळ, इंधन, अपघात, प्रदूषण हे सारे रुपयांत धरून, वर्षाला किमान १४ टक्के यावा लागतो. पूर्वी तिकिटांच्या जमाखर्चातून ८ टक्के परतावा दाखवावा लागे. नव्या निकषात समाजाचा फायदा मोजला जातो, हे योग्यच. मात्र त्यातला मोठा वाटा ‘वाचलेल्या वेळा’चा असतो आणि तो थेट प्रवासीसंख्येच्या अंदाजावर उभा असतो. अंदाज फुगला की परतावाही फुगतो.

२० लाख लोकसंख्येची अट खरी आहे का?

हो. शहराची लोकसंख्या २० लाखांच्या पुढे आणि गर्दीच्या तासात एका दिशेला किमान १५ हजार प्रवासी, हे निकष बरीच वर्षे वापरात आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोइम्बतूर आणि मदुराईचे प्रस्ताव केंद्राने परत पाठवले, त्यात २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या हे एक कारण होते. शहरे वाढली, जनगणना मागेच राहिली, असा युक्तिवाद तमिळनाडूने केला. त्यात तथ्य आहे. पण लोकसंख्येपेक्षा दुसरा निकष जास्त महत्त्वाचा: एका रस्त्यावर, एका तासात, एका दिशेला किती माणसे. ४० लाखांचे पसरट शहरही या निकषात बसेलच असे नाही.

एक किलोमीटर मेट्रोला किती खर्च येतो?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे एका आकड्यात उत्तर देणारा माणूस बहुधा काहीतरी लपवत असतो. मंजूर रक्कम भागिले लांबी केली तर असे दिसते:

नागपूर, पहिला टप्पा: ८,६८० कोटी, ३८.२ किमी. किलोमीटरला सुमारे २२७ कोटी.
नागपूर, दुसरा टप्पा: ६,७०८ कोटी, ४३.८ किमी. सुमारे १५३ कोटी.
पुणे, पहिल्या दोन मार्गिका: ११,४२० कोटी, सुमारे ३१ किमी. सुमारे ३६५ कोटी.
मुंबई, मेट्रो ३: ३७,२७६ कोटी, ३३.५ किमी. सुमारे १,११३ कोटी.

पुणे आणि नागपूर यांत एवढा फरक का? पुण्यातले सुमारे ५ किमी भुयारी आहेत, तेही शिवाजीनगर ते स्वारगेट या दाट वस्तीखालून आणि मुठेच्या पात्राखालून. नागपूरचा पहिला टप्पा सगळा जमिनीवर किंवा खांबांवर. मुंबईची मेट्रो ३ जवळजवळ पूर्ण भुयारी, २७ स्थानके, आठ डब्यांच्या गाड्या. नागपूरचा दुसरा टप्पा मंजूर झाला २०२२ साली, म्हणजे पहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तरी स्वस्त, याचे अनेकांना नवल वाटते. तो शहराबाहेर जाणारा विस्तार आहे: जागा मोकळी, नियंत्रण कक्ष आधीच उभा आणि ४३.८ किमीत ३२ च स्थानके. पहिल्या टप्प्यात जवळपास दर किलोमीटरला एक होते.

तुलना करायचीच असेल तर आधी पाच गोष्टी विचारा. किती टक्के भुयारी? किमती कोणत्या वर्षाच्या? जमीन धरली आहे का? कर आणि बांधकामकाळातले व्याज धरले आहे का? डबे किती? दिल्लीचा पहिला टप्पा ६५ किमीला सुमारे १०,५७१ कोटींत झाला, हे उदाहरण भाषणांत फार येते. ते १९९८ ते २००६ या काळातले रुपये आहेत, हे सांगायचे राहून जाते.

भुयारी मार्ग उन्नत मार्गाच्या अडीच-तीनपट महाग का पडतो? बोगदा खणायलाच एवढे पैसे लागतात?

बोगद्यापेक्षा स्थानके महाग असतात. दोन गाड्यांसाठी दोन बोगदे, आतला व्यास साधारण ५.८ मीटर, बोगदा खणणारे टीबीएम यंत्र चांगल्या दगडात दिवसाला आठ-दहा मीटर पुढे जाते आणि मागे काँक्रीटची कडी बसवत जाते. हे काम बरेचसे ठरावीक पद्धतीचे झाले आहे. स्थानक मात्र म्हणजे भर रस्त्यात खणलेली दोनशे मीटरच्या आसपास लांब आणि वीस-पंचवीस मीटर खोल पेटी. त्याआधी जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, वीज आणि फोनच्या केबल हलवायच्या. जुन्या नळ्यांचे नकाशे बहुतेक महापालिकांकडे अर्धवट असतात, त्यामुळे हाताने चर खणून शोधावे लागते. इथेच महिने जातात. मग बाजूच्या इमारतींची पाहणी, भेगा मोजणारी उपकरणे, वाहतूक वळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले तात्पुरते पोलादी आच्छादन. आत हवा खेळती ठेवणारे मोठे पंखे, धूर बाहेर काढण्याची व्यवस्था, वातानुकूलन, सरकते जिने, फलाटावरचे दरवाजे. यातल्या बऱ्याच गोष्टी खांबांवरच्या स्थानकाला लागत नाहीत किंवा कमी लागतात. विजेचे बिल तर कायमचे वाढते.

म्हणून स्थानकाची लांबी आणि खोली ठरवणारा माणूस खर्च ठरवतो. तीन डब्यांच्या गाडीसाठी पेटी बांधली आणि पुढे सहा डबे हवे झाले, तर ती जमिनीखाली वाढवणे जवळपास अशक्य असते. उलट, कधीच न येणाऱ्या गर्दीसाठी लांब पेटी बांधली तर पैसे मातीत.

भूगर्भाची चाचणी कमी केल्यास काय होते ते कोलकात्यात दिसले, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण जमिनीखालचे पाणी किती महागात पडते ते नक्की दिसले. ऑगस्ट २०१९ मध्ये बोऊबाजारात टीबीएमला पाण्याचा साठा लागला, वरची माती खचली, घरे पडली, रहिवासी हलवावे लागले. त्या मार्गाचा मधला तुकडा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. नदीखालचा बोगदा त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी प्रवाशांसाठी खुला झाला होता. नदीपेक्षा जुनी वस्ती अवघड निघाली.

मंजुरीचा आकडा आणि शेवटचा आकडा यांत एवढा फरक कशाने पडतो?

मुंबई मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा. तो आधी ३३,४०५ कोटी आणि मग ३७,२७६ कोटी झाला. पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. अशा वाढीत साधारण चार गोष्टी असतात, आणि ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात सगळे गुंडाळले की खरी कारणे सुटतात.

पहिले कारण उशीर. काम रखडले की किंमत चक्रवाढीने चढते: वर्षाला ५ टक्के धरले तर शंभराचे पाच वर्षांत १२८ होतात, ७ टक्क्यांनी १४०. शिवाय उचललेल्या कर्जावर व्याज चालूच असते, प्रकल्प कार्यालयाचा पगार चालू असतो आणि यंत्रे उभी राहिली म्हणून कंत्राटदार भरपाई मागतो.

दुसरे, जागा हातात नसताना दिलेली कंत्राटे. हा आजार सर्वांत जुना आहे आणि सर्वांत टाळता येण्यासारखाही. निविदा काढली म्हणजे काम सुरू झाले, अशी बातमी देता येते. पण डेपोची जागा वादात असेल तर बाकी सगळे तयार असूनही गाडी उभी करायला, धुवायला, दुरुस्त करायला ठिकाण नसते. मेट्रो ३ ची कारशेड आरेमधून २०२० मध्ये कांजूरमार्गला न्यायचे ठरले, तिथल्या जागेवर न्यायालयाची स्थगिती आली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली. झाडांचा मुद्दा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. खर्चाच्या दृष्टीने एवढेच: तो वाद कंत्राट देण्याआधी मिटायला हवा होता.

तिसरे, मध्येच बदललेला आराखडा. आमदारांना एक स्थानक जास्त हवे, पुलाची उंची वाढवायची, जिना रस्त्याच्या पलीकडे हवा. प्रत्येक बदल छोटा दिसतो. कंत्राटात त्याला ‘बदल आदेश’ म्हणतात, आणि त्या कामाला स्पर्धा उरलेली नसल्याने दर कंत्राटदाराच्या सोयीने पडतो.

चौथे, सुरुवातीलाच कमी दाखवलेला अंदाज. मोठी रक्कम मंजूर होणार नाही या भीतीने आकस्मिक खर्चाची तरतूद कमी ठेवायची, डबे कमी धरायचे, जमीन जुन्या दराने धरायची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट द्यावे लागते. हे ठाऊक असूनही काही अहवालांत जमिनीचा रकाना आश्चर्यकारकरीत्या लहान असतो.

पाचवे म्हणावे असे एक कारण मेट्रोच्या हिशेबात कधी दिसतच नाही: आधीचे काम पाडणे. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, कारण मेट्रोसह दुमजली पूल बांधायचा होता. नागपुरात वर्धा रोडवर याउलट घडले. महामार्गाचा उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, ३.१४ किमीपर्यंत एकाच खांबांवर, दोन यंत्रणांनी मिळून बांधले. खांब एकदाच, जमीनही एकदाच.

पैसा देतो कोण?

२०१७ च्या धोरणात केंद्राच्या मदतीचे तीन मार्ग आहेत: केंद्र-राज्य ५०-५० भागीदारीची कंपनी; प्रकल्पखर्चाच्या १० टक्के ठोक अनुदान; किंवा खासगी भागीदारी आणि तिला व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे कंपनीला न परवडणारा भाग भरून काढणारे अनुदान. तिन्हींत कुठे ना कुठे खासगी सहभाग हवा, मग तो तिकीट यंत्रणेत असो की डब्यांच्या देखभालीत.

नागपूर आणि पुण्याची मेट्रो बांधणारी महामेट्रो ही ५०-५० प्रकारची कंपनी. ‘निम्मे केंद्र देते’ हा समज मात्र चूक आहे. निम्मे असते ते भागभांडवल. एकूण खर्चात मोठा वाटा कर्जाचा असतो, साधारण निम्मा किंवा अधिक, आणि ते कंपनीने फेडायचे असते. कंपनीला जमले नाही तर भार राज्यावर येतो. जमीन, पुनर्वसन आणि राज्याचे कर हाही राज्याचाच भाग. मुंबईतल्या २अ आणि ७ या मार्गिका तर एमएमआरडीएने, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, केंद्राच्या भागभांडवलाशिवाय बांधल्या.

जपानी कर्ज स्वस्त असते ना?

व्याज कमी आणि मुदत लांब, हे खरे. बरेचदा तीस वर्षांच्या आसपास मुदत आणि सुरुवातीची काही वर्षे मुद्दल फेडायची नाही. पण कर्ज येनमध्ये आणि तिकीट रुपयांत. रुपया घसरला की स्वस्त व्याजाचा फायदा आटतो. विनिमयदराचा धोका कोणी घ्यायचा हे करारात असते. त्या कलमाकडे फारसे कोणी बघत नाही.

खासगी कंपन्यांनी बांधलेल्या मेट्रो अडचणीत का येतात?

प्रवासी किती येतील हा धोका कंपनीने घ्यायचा आणि प्रवासी आणणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे पदपथ, जोडबस, रिक्षाथांबे, जमिनीचे नियम, सरकारच्या हातात. ही रचनाच तिरपी आहे.

दिल्लीची विमानतळ मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली, जुलै २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे बंद पडली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी जुलैपासून दिल्ली मेट्रोने ती स्वतःकडे घेतली. पुढे लवाद आणि सर्वोच्च न्यायालय. निकाल एका बाजूने, मग एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या बाजूने. बांधकाम एकाचे, रूळ आणि गाड्या दुसऱ्याच्या, अशी विभागणी असली की दोष कोणाचा यावर वर्षे जातात. गुरुग्रामची रॅपिड मेट्रोही २०१९ मध्ये सरकारी यंत्रणेकडे आली.

पुण्याची हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिका, सुमारे २३ किमी आणि ८,३१३ कोटी, याच पद्धतीची आहे. करार ३५ वर्षांचा. तिथे नोकरदारांचा ठाम प्रवाह आहे, ही जमेची बाजू. धोका असा की तो प्रवाह सकाळ-संध्याकाळचाच आहे.

घर घेताना मेट्रोसाठी १ टक्का का द्यावा लागतो?

स्थानक आले की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. ती वाढ सरकारी पैशाने झालेली असते, म्हणून तिचा काही भाग परत घ्यायचा, ही कल्पना. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर इथे एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीवर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. ५० लाखांच्या घराला ५० हजार रुपये. आमचे मत विचाराल तर ही पद्धत सोपी आहे, पण न्याय्य नाही: स्थानकासमोरचा आणि स्थानकापासून दहा किलोमीटरवरचा घरमालक सारखेच देतो. आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवले, तो काहीच देत नाही.

मेट्रो सुरू झाली, पण प्रवासी अंदाजापेक्षा इतके कमी का?

संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ मध्ये हेच निरीक्षण नोंदवले होते. कारणे बहुतेक डब्याबाहेरची आहेत.

अहवालातला अंदाज पूर्ण जाळे धरून केलेला असतो. प्रत्यक्षात सुरू होतो एक तुकडा. आठ-दहा किलोमीटरचा तुकडा ज्यांच्या घरापासून कचेरीपर्यंत जुळतो, असे लोक थोडेच असतात. दुचाकी हा खरा प्रतिस्पर्धी आहे आणि तिचा खर्च लोक फक्त पेट्रोलपुरता मोजतात. तिसरे म्हणजे पहिला आणि शेवटचा किलोमीटर. धोरणाने स्थानकाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात जोडवाहतूक मागितली आहे. ती अहवालात असते, अंदाजपत्रकात नसते. मेट्रोचा प्रवास १५ मिनिटांचा आणि दोन्ही टोकांना रिक्षासाठी घासाघीस २० मिनिटे, असे झाले की माणूस दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दुचाकी काढतो.

यावर एकत्रित महानगर परिवहन प्राधिकरण हा उपाय धोरणात सांगितला आहे: मेट्रो, बस, लोकल यांची वेळापत्रके आणि तिकीट एकाच हाती. चेन्नईने त्यासाठी २०१० मध्ये कायदा केला, पण प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागायला कितीतरी वर्षे गेली. बहुतेक ठिकाणी अशा समितीकडे ना पैसा असतो ना कर्मचारी, म्हणून तिचे कोणी ऐकत नाही.

तिकिटाचे दर कोण ठरवते? नगरसेवक किंवा मुख्यमंत्री ते कमी करू शकतात का?

२००२ च्या कायद्यानुसार भाडेनिश्चिती समिती नेमली जाते. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, एक सदस्य केंद्राचा, एक राज्याचा. समितीची शिफारस मेट्रो कंपनीवर बंधनकारक असते. अडचण अशी की समिती वर्षानुवर्षे नेमलीच जात नाही आणि मग सगळी वाढ एकदम येते. बेंगळुरूत फेब्रुवारी २०२५ मध्ये काही टप्प्यांचे भाडे इतके वाढले की ओरड झाल्यावर कमाल वाढ ७१ टक्क्यांवर आणावी लागली. दरवर्षी थोडी वाढ झाली असती तर बातमीही झाली नसती.

सरकारला भाडे कमी ठेवायचे असेल तर रस्ता मोकळा आहे: फरक स्वतः भरायचा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. उरलेले निम्मे राज्याने महामंडळाला द्यायचे असते. सवलत जाहीर होते त्याच दिवशी, रक्कम पोहोचते सावकाश.

तिकिटातून सगळा खर्च भरून निघतो का?

बांधकामाचा? नाही, आणि तशी अपेक्षाही चूक. रस्ते कुठे तिकीट काढून वसूल होतात? रोजच्या चालवण्याचा खर्च निघावा, ही माफक अपेक्षा. त्यात वीज आणि पगार हे दोन मोठे रकाने. ब्रेक लावताना तयार होणारी वीज तारेत परत सोडणे, छतांवर सौर पट्ट्या, चालकाविना गाड्या, हे त्यावरचे उपाय. जाहिराती आणि दुकानांचे भाडे हातभार लावते, पण रिकाम्या स्थानकात दुकानही चालत नाही.

मग सरळ बसच का वाढवत नाहीत?

वाढवायलाच हव्यात, मेट्रो असो वा नसो. हिशेब बघा. ८० माणसांची बस मिनिटाला एक सोडली तर तासाला एका दिशेने ४,८०० माणसे. तीन डब्यांच्या मेट्रोत सुमारे ९७५. दर पाच मिनिटांनी गाडी धरली तर ११,७००. बऱ्याच मेट्रो मार्गांवर आजची गर्दी पहिल्या आकड्याच्या आसपास किंवा खाली आहे. तेवढ्यासाठी वेगळी मार्गिका आणि पुरेशा बस पुरल्या असत्या.

पण बसला मार्गिका मिळत नाही, ही खरी अडचण. पुण्यात जलद बस मार्गाचा देशातला पहिला प्रयोग २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसरवर झाला. मार्गिका सलग नव्हत्या, थांबे अर्धवट होते, चौकात बस पुन्हा सगळ्यांच्या गर्दीत. दिल्लीचा प्रयोग २०१६ मध्ये उखडला गेला. अहमदाबादचा २००९ पासून चालू आहे, कारण तिथे मार्गिका आणि बस चालवणारी कंपनी एकाच यंत्रणेखाली आली. मेट्रोला राजकीय पाठिंबा मिळतो तो ती हवेत किंवा जमिनीखाली असते म्हणून: मोटारवाल्याकडून एक फूटही काढून घ्यावा लागत नाही. हजारो कोटींतला बराच भाग ही त्या टाळाटाळीची किंमत आहे.

ई-बसचा ‘प्रति किलोमीटर’ करार काय असतो?

बस, चालक आणि दुरुस्ती कंपनीची. वाहक आणि तिकिटाचे पैसे पालिकेचे. पालिका कंपनीला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत अशा १०,००० बस आहेत. एकूण ५७,६१३ कोटी, त्यांपैकी केंद्राचे २०,००० कोटी. बारा मीटरच्या बसला केंद्र किलोमीटरमागे २४ रुपये देते, नऊ मीटरच्या बसला २२.

उरलेले कोण भरणार, ते आधी मांडा. समजा दर ६० रुपये, केंद्राचे २४ आणि तिकिटातून २५ आले. तूट ११ रुपये. ५० बस, रोज २०० किमी: दिवसाला १ लाख १० हजार, वर्षाला सुमारे चार कोटी. केंद्राची मदत दहा वर्षांनी थांबली की तीच तूट ३५ रुपये होते. करारात किमान किलोमीटरची हमी असते, म्हणून बस डेपोत उभी राहिली तरी पैसे द्यावे लागू शकतात. म्हणूनच चार्जिंगची वीजजोडणी बस येण्याआधी झाली पाहिजे. उच्चदाबाची जोडणी मिळायला वेळ लागतो आणि बस ताडपत्रीखाली धूळ खात पडतात. पालिकेने देणी थकवली तर केंद्र राज्याच्या खात्यातून वळते करून घेईल, अशी तजवीज सप्टेंबर २०२४ पासून वेगळ्या योजनेने केली आहे.

नाशिकच्या मेट्रो निओचे काय झाले?

रबरी टायरची, तारेवरच्या विजेवर धावणारी लांब बस, उन्नत मार्गावर. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली. सुमारे ३३ किमी, म्हणजे किलोमीटरला ६३ कोटींच्या आसपास. काम सुरू झाले नाही. कल्पना मध्यम शहरांना जुळणारी होती, पण देशात अशी गाडी कोठेच धावत नाही. त्यामुळे पहिल्या शहराला सुटे भाग, दुरुस्ती आणि सुरक्षिततेचे नियम हे सगळे एकट्याने सोसावे लागले असते.

आमच्या शहराचा प्रकल्प अहवाल आम्ही वाचू शकतो का?

हो. मेट्रो कंपनीच्या संकेतस्थळावर निदान सारांश असतो. नसेल तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. मागताना ‘पर्यायांचे विश्लेषण’ वेगळे नाव घेऊन मागा, नाहीतर फक्त डीपीआर मिळतो. मेट्रो मार्गाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, पण परदेशी कर्ज असेल तर पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अहवाल करावा लागतो. तो कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, तिथे बरेचदा इथल्यापेक्षा जास्त माहिती असते.

अहवाल आठशे पानांचा असला तरी सगळा वाचायची गरज नाही. हे तपासा:

– खर्चाचा तक्ता: ‘मूळ किंमत’ आणि ‘पूर्णत्वाची किंमत’ असे दोन आकडे असतात. बातम्यांत कोणता आला ते बघा.
– सुरुवातीच्या वर्षाचे प्रवासी. तीस वर्षांनंतरचा आकडा मोठा असणारच.
– सर्वांत गर्दीच्या दोन स्थानकांदरम्यान तासाला एका दिशेचे प्रवासी. दिवसाच्या एकूण आकड्यापेक्षा हा जास्त बोलका.
– संवेदनशीलता तक्ता: प्रवासी २० टक्के घटले आणि खर्च २० टक्के वाढला तर परतावा किती. १४ च्या जेमतेम वर असलेला प्रकल्प इथे लगेच खाली येतो.
– जोडबससाठी रक्कम आहे का, आणि ती कोणत्या यंत्रणेच्या नावावर.
– डेपोची जागा: सातबारा किंवा मालमत्तापत्रक कोणाच्या नावाचे.

शेवटचे उत्तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे आले, तर पूर्ण होण्याची जी तारीख छापली असेल तिच्यावर विसंबून घर घेऊ नका.